झडप बंद ठेवण्याबाबत

मशीनला माझ्या नवऱ्याचे विनोद कळायचे नाहीत, यात मशीनचा दोष नाही. ऑफिसातल्या निम्म्या लोकांनाही ते कळायचे नाहीत. जयवंत टापरे, उपअभियंता, पाणीपुरवठा, कर्णखेड नगरपरिषद. चेहरा असा, की समोरच्याला वाटावं हा आता आपली नळजोडणी तोडायलाच आलाय. मी त्याच इमारतीत, एक मजला खाली, अभिलेख कक्षात. म्हणजे जुने कागद सांभाळणारी बाई. लग्नानंतर वीस वर्षं आम्ही एकाच छपराखाली नोकरी केली, तो वर आणि मी खाली. आणि दिवसभर एकमेकांना सरकारी मेलवर, सरकारी भाषेत पत्रं लिहिली.

"विषय : डब्यात सलग तिसऱ्या दिवशी दुधी आढळून आल्याबाबत. महोदया, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर भाजीबाबत यापूर्वीही तोंडी तक्रार करण्यात आली होती. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती."

मी उत्तर द्यायची, "आपला अर्ज प्राप्त झाला. उद्याही दुधीच मंजूर करण्यात येत आहे."

लोक प्रेमपत्रं लिहितात, आम्ही ही असली लिहिली. मला कुणी विचारलंच तर सांगते, संसारात यापेक्षा गोड दुसरं काही नव्हतं.

आमचा एक शब्द होता, झडप. पाणीपुरवठ्यात बोलताना सगळे 'व्हॉल्व'च म्हणतात. 'झडप' फक्त कागदावर असते, कारण राजभाषेत तसं लिहायचा नियम आहे. आमच्या घरात मात्र झडप म्हणजे जयवंतचं तोंड. तो चिडला की थांबायचाच नाही, आणि मग मी म्हणायची, "झडप बंद ठेव आता." शर्वरी, आमची मुलगी, लहानपणी शाळेत बाईंना म्हणाली होती, "बाई, या मुलाची झडप उघडीच असते." त्यावरून मला शाळेत बोलावलं होतं.

जयवंत जाऊन पाच वर्षं झाली. पंपहाउसच्या पायऱ्या चढता चढता छातीत कळ आली आणि तिथेच बसला, तो बसलाच. त्याच्या आदल्या आठवड्यातला त्याचा शेवटचा मेल माझ्याकडे होता. त्या मेलवर मी पाच वर्षं काढली असं म्हटलं तरी चालेल.

तो मेल आला त्या दिवशी सकाळी घरात वाजलं होतं. शर्वरीला इंजिनीअरिंगला जायचं नव्हतं, तिला मराठी घेऊन बी.ए. करायचं होतं, आणि जयवंतने तिला नाही नाही ते ऐकवलं. मी मध्ये पडले. म्हटलं, "झडप बंद ठेव, जयवंत. आज खरंच बंद ठेव." तो डबा न घेताच निघून गेला. दुपारी मेल आला.

"विषय : झडप बंद ठेवण्याबाबत. महोदया, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आज सायंकाळपर्यंत झडप मी स्वतः बंद ठेवीत आहे. याबाबत इतर कोणासही जबाबदार धरण्यात येऊ नये. माहितीस्तव सविनय सादर."

मी खुर्चीत बसून मोठ्यांदा हसले. रागावलेला माणूस माफी मागतोय तीसुद्धा 'सविनय सादर'. आणि इतर कोणाला जबाबदार धरू नये म्हणजे पोरीला बोलू नकोस, चूक माझीच. तो गेल्यावर मी हा मेल शर्वरीला तोंडपाठ म्हणून दाखवला होता. ती खूप रडली होती. "बाबांनी माझी बाजू घेतली होती?" असं पुन्हा पुन्हा विचारत होती. मी सांगितलं, घेतली होती बाळा.

आता त्या मशीनबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या खात्यात जुने कागद काढून टाकण्याला निंदणी म्हणतात. शब्द शेतातला आहे, पण परिपत्रकात 'अभिलेखांचे निंदणीकरण' असा रुबाबात छापलेला असतो. 'अ' वर्गातलं कायम ठेवायचं, 'ड' वर्गातलं वर्षभरात उपटून टाकायचं. कागद होते तोवर हे मी हाताने केलं. कारभार मेलवर गेला आणि गोंधळ सुरू झाला. सरकारी पेटीत बायकोच्या तपासण्यांचे रिपोर्ट, भावाभावांची भांडणं, सगळं एकात एक. माहिती मागणाऱ्यांनी ते बाहेर काढलं, कुणी कुणाला धमकावलं, एका तहसीलदारीणबाईंनी तर जीवच दिला. मग कायदा आला आणि तो दुधारी होता. कार्यालयीन मेल एकही नष्ट होता कामा नये, आणि खासगी मेल एकही शिल्लक राहता कामा नये. दोन्हींत चूक झाली की गुन्हा. खासगी मेल पाच वर्षं मोहोरबंद राहायचे. त्या काळात पोलीस, कोर्ट, कुणालाही ते शोधता यायचे नाहीत. पाच वर्षांनी त्यांची कायमची निंदणी. प्रत ज्याने लिहिलं त्यालाच मागता यायची. तो मेला की हक्कही मेला.

पण खासगी कुठला आणि कार्यालयीन कुठला हे ठरवणार कोण? तिथे एक संशोधन कामाला आलं. आपण टाइप करतो तेव्हा दोन अक्षरांमध्ये बोटं किंचित थांबतात, सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकी. तोच माणूस तोच शब्द वेगळ्या अर्थाने लिहितो तेव्हा ते थांबणं बदलतं. 'पाणी' हा शब्द नळाच्या संदर्भात लिहिताना बोटं सरळ जातात. 'तुझ्या डोळ्यांत पाणी' असं लिहायचं असलं, की 'प'च्या आधी बोटं अडतात. लिहिणाऱ्याला हे माहीत नसतं, बोटांना माहीत असतं. याला अर्थलय म्हणतात. कायद्याने प्रत्येक मेलबरोबर त्याची लयसुद्धा साठवायला लावली, म्हणजे शब्द, विराम, मागे जाऊन खोडलेली अक्षरं, सगळं. मशीन ती लय वाचतं आणि सांगतं की हा माणूस इथे नोकरी करत होता की संसार. आमच्यासारख्यांचे सरकारी भाषेतले मेलसुद्धा त्याने बरोबर ओळखले होते. विनोद कळला नाही, पण प्रेम कळलं. दुधीचा मेल, चष्मा विसरल्याचा, माझ्या वाढदिवसाच्या 'निविदे'चा, सगळे त्याने पहिल्याच फेरीत मोहोरबंद करून टाकले होते.

खोडलेल्या अक्षरांचा नियम मात्र वेगळा. जे माणसाने खोडलं ते त्याने म्हटलेलं नाही, असं कायदा मानतो. मशीनने ते निकालासाठी धरायचं नाही, कोर्टाने तर नाहीच नाही. मला हा नियम फार आवडायचा. प्रशिक्षणात मी नव्या मुलांना सांगायची, सरकारने आजवर केलेली ही एकमेव सभ्य गोष्ट आहे.

तर पाच वर्षं भरली आणि जयवंतच्या मेलची निंदणी आली. मी रजा टाकू शकले असते. टाकली नाही. म्हटलं, दुसऱ्या कुणाच्या हातून नको.

मुख्याधिकारी ठोंबरेंनी वर बोलावलं. माणूस तरुण, सरळ, आणि माझ्याशी जरा जपूनच बोलणारा.

"टापरे मॅडम, साहेबांचे सगळे मेल मशीनने लावलेत. एकच राहिलाय. खात्री एकावन्न आणि एकोणपन्नास दाखवतंय. असं मी पाहिलेलं नाही."

"कुठला?"

"झडप बंद ठेवण्याबाबत."

मी म्हटलं, "तो घरचा आहे." आणि घरातला अर्थ त्याला सांगितला. तोही हसला.

"मग झालं. नव्वदच्या खाली खात्री असेल तर लिहिणाऱ्याचं निवेदन घ्यायचं, तो नसेल तर ज्याला लिहिलं त्याचं. तुम्ही निवेदन द्या, मी सही करतो. तुमच्या शब्दावर कुणी प्रश्न विचारणार नाही." मग टेबलावरचं पेपरवेट फिरवत म्हणाला, "तारीख बघितलीत ना, मॅडम? उगाच विचारतो."

तारीख मला माहीत होती. पाच वर्षं माहीत होती. सुतारआळीत आग लागली तो दिवस.

तुम्ही म्हणाल, बाई इतकी कशी बावळट. मेल मी दुपारी वाचला होता, आग संध्याकाळी लागली. दुपारी जो अर्थ लागला तो लागला. त्यानंतर नवरा गेला. गेलेल्या माणसाच्या शेवटच्या ओळी कुणी चौकशीला लावतं का?

सुतारआळीत त्या संध्याकाळी एका कारखान्यातल्या भुशाला आग लागली. अग्निशमनची गाडी वेळेत आली होती, पण गल्लीच्या लाइनला पाणीच नव्हतं. व्हॉल्व बंद. गाडीतलं पाणी संपलं आणि माळ्यावर अडकलेले म्हातारे सासरे आणि त्यांची सून दोघंही गेले. व्हॉल्वमन होता अंकुश लोंढे. चौकशीत तो एकच सांगत राहिला, साहेबांनी घरी पाठवलं होतं, व्हॉल्व मी बंद केलाच नाही. लेखी काही नव्हतं. साहेब तर आठवड्याभरात वारले. अंकुश बडतर्फ झाला, खटला उभा राहिला, काही महिने आत होता, मग जामिनावर सुटला. आता तो टेम्पोवरून पाण्याचे जार पोचवतो, आमच्या ऑफिसातसुद्धा. ज्या नगरपरिषदेने काढलं तिथल्याच लोकांना पाणी पाजतो. त्याच्या पोरीला शाळेत 'आगवाल्याची' म्हणतात, हे मला शिपायाने सांगितलं होतं. निकाल महिन्याभरावर आला होता. मी इतकी वर्षं जार घेताना त्याच्याकडे बघायचं टाळत आले. मनातून वाटायचं, याने माझ्या मेलेल्या नवऱ्यावर ढकललं.

संध्याकाळी घरी येऊन शर्वरीला सांगितलं. ती आता अनुकंपा तत्त्वावर पाणीपुरवठ्यातच लिपिक आहे. बी.ए.चं राहूनच गेलं. बापाच्या जागी पोरगी, असा आमच्याकडचा रिवाज. ती कांदा चिरत होती.

"मग दे ना निवेदन. घरचाच आहे."

"तारीख आगीची आहे, शर्वरी."

तिचा हात थांबला. "म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. तारीख आगीची आहे, एवढंच."

"आई, मशीन अर्धं अर्धं म्हणतंय. तू घरचं म्हणालीस तर घरचं. कायदाच तसा आहे, तूच तर शिकवतेस सगळ्यांना." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी त्याच टेबलावर बसते. त्यांचा फोटो आहे तिथे. रोज कुणी ना कुणी सांगतं, टापरे साहेब म्हणजे देवमाणूस. आणि माझ्याकडे त्यांचं तेवढंच आहे गं, तो एक मेल. त्याच्या आधीचं सगळं ओरडणंच आठवतं मला."

मी म्हटलं, "निवेदन देण्याआधी मूळ मेल लयीसकट बघायचा हक्क असतो. तो बघते उद्या."

"कशाला बघतेस?"

मलाच ठाऊक नव्हतं. सवय म्हणा, वाचल्याशिवाय सही करायची नाही ही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी दार लावून मशीनपुढे बसले. पडद्यावर सूचना आली की निवेदनकर्त्यास खोडलेला मजकूर एकदाच दाखवला जाईल, त्याची नोंद किंवा वाच्यता हा गुन्हा आहे, आणि निर्णय काहीही असला तरी तो मजकूर लगेच नष्ट होईल. मी 'समजले' दाबलं.

मेल पुन्हा लिहिला जाऊ लागला. जयवंतच्याच वेगाने, जणू तो आत बसून टाइप करतोय. 'विषय' सरळ आला. 'महोदया' सरळ. मग हे आलं.

"सुतारआळी लाइनवरील सांधा गळत असल्याने दुरुस्ती होईपर्यंत झडप बंद ठेवणे आवश्यक आहे. व्हॉल्वमन श्री. अंकुश लोंढे यांच्या मुलीस ताप असल्याने त्यांस घरी पाठविले असून"

इथे तो थांबला. बराच वेळ थांबला. मग मागे जाऊन अख्खं वाक्य एकेक अक्षर करत खोडलं.

का खोडलं ते मला तिथल्या तिथे कळलं. वीस वर्षं त्याच्याबरोबर काढली होती. अंकुशने रजेचा अर्ज दिला नव्हता. ड्यूटीवरून बिनअर्जाचा गेला हे मेलमध्ये आलं असतं तर कारणे दाखवा नोटीस निघाली असती. म्हणून जयवंतने त्याचं नाव काढलं, आणि नावाबरोबर सुतारआळीही निघून गेली. उरलं ते, 'झडप मी स्वतः बंद ठेवीत आहे, इतर कोणासही जबाबदार धरण्यात येऊ नये.' त्याने आपल्या परीने अंकुशला वाचवलं होतं. झडप दोन तासांहून जास्त बंद राहणार असेल तर अभिलेख कक्षाला कळवायचं हा नियम आहे, म्हणून मेल माझ्याकडे. माझ्याकडे येणारं काहीही आपोआप साठतं, कुणी काही करायचं नसतं. पण पतीपत्नीचा म्हणून मशीनने तो, पक्की वर्गवारी होईपर्यंत, बाकीच्या मेलबरोबर बंद करून ठेवला आणि कुणाला सापडलाच नाही.

मला वाटलं संपलं. संपलं नव्हतं. 'सविनय सादर'नंतर बोटं पुन्हा चालू झाली.

"रोहिणी, सकाळचं मनावर घेऊ नकोस. माझं चुकलं. पोरीला तिला हवं ते शिकू दे. संध्याकाळी लवकर येतो."

आणि मग तेही खोडलं. एका दमात, न थांबता.

मी रडले नाही. मी चिडले. अरे, लिहिलं होतंस तर ठेवायचं होतंस. का खोडलंस? पण तेही कळलं होतंच. ऑफिसच्या मेलमध्ये घरचं लिहायचं नाही. गमतीचा मेल गमतीचा आणि कामाचा कामाचा, यात त्याने कधी भेसळ केली नाही. हा मेल घरचा असता तर त्याने ती ओळ ठेवली असती. मला हवी होती ती माफी तिथे होती, आणि तो मेल ऑफिसचा होता म्हणूनच तिथे उरली नव्हती.

पडद्यावरून अक्षरं गेली. मशीनने विचारलं, खासगी की कार्यालयीन.

ती संध्याकाळ मला आठवली. तो खरंच लवकर आला होता. येताना खरबूज घेऊन. गच्चीवर बसून आम्ही तिघांनी ते खाल्लं, त्याने शर्वरीला मोठी फोड दिली, आणि मी म्हटलं, "आज झडप अगदी बंद ठेवलीस हं." तो हसला. इतका मोकळा हसला. लग्नानंतरची आमची सगळ्यात चांगली संध्याकाळ ती. मग भोंगा वाजला आणि सुतारआळीच्या बाजूला धूर दिसला, तसा तो उठला आणि चपला न घालताच जिना उतरला. मला वाटलं, काय हा कामाचा माणूस. व्हॉल्व उघडायचा राहिला होता. आमच्याकडे लवकर यायच्या नादात राहिला होता.

त्यानंतर तो आठवडाभर बोलला नाही. अंकुशला धरून नेलं त्या दिवशी जेवलाही नाही. पंपहाउसच्या पायऱ्या तो कशाला चढत होता, वर जाऊन कुणाला काही सांगणार होता का, मला माहीत नाही. सांगणार होता असं मी धरून चालते. मला धरू द्या.

मी 'कार्यालयीन' दाबलं.

मशीन तिथे थांबत नाही. राहिलेला एक लागला की बाकीच्यांची निंदणी सुरू करतं. "उर्वरित खासगी मेल कायमचे नष्ट करण्यास संमती?" विचारणं नावालाच असतं, संमती न देण्याचा पर्याय कायद्यात नाही. दुधी गेला. चष्मा गेला. वाढदिवसाची निविदा, शर्वरीच्या जन्माचं 'नवीन पद निर्माण झाल्याबाबत', माझ्या आईच्या आजारपणात रोज सकाळी यायचं ते 'आपण जेवलात किंवा कसे'. एकेक विषय वर सरकत होता आणि नाहीसा होत होता. मी दोन-तीन वाचायचा प्रयत्न केला, पण ते वेगाने जात होतं. मग पडदा रिकामा झाला आणि खाली लिहून आलं : शिल्लक अभिलेख एक, वर्ग अ, कायम.

जयवंतने मला लिहिलेलं तेवढंच आता जगात आहे. मी मेल्यावरही राहील. त्यात तो माझ्याशी बोलतच नाहीये.

घरी गेले आणि शर्वरीला सगळं सांगितलं, खोडलेलंसुद्धा. गुन्हा होता, माहीत होतं. तिच्या बाबांनी लिहिलं होतं, तिला हवं ते शिकू दे, हे मी दोनदा म्हणून दाखवलं. मला वाटलं, ती माझ्या गळ्यात पडेल.

ती म्हणाली, "खोडलंच ना शेवटी."

"अगं, ऑफिसचा मेल होता म्हणून..."

"आई, तुझा कायदा काय म्हणतो? जे खोडलं ते म्हटलंच नाही. आणि जे ठेवलं होतं ते तू देऊन आलीस." मग ताट सरकवत म्हणाली, "दोन माणसं मेली, मला कळतं. अंकुशकाकांचं वाटोळं झालं, तेही कळतं. तू बरोबर केलंस. पण माझ्याशी आज बोलू नकोस."

आज म्हणाली होती. मेल कोर्टापुढे गेला, निकाल लागला, अंकुश निर्दोष सुटला, पेपरात जयवंतचं नाव छापून आलं, पाणीपुरवठ्यातून त्याचा फोटो उतरवला. तो फोटो कुणी उतरवला हे मी विचारलं नाही. शर्वरीनेच उतरवला, असं मागाहून समजलं. तिने जिल्ह्याला बदली मागून घेतली. रविवारी फोन करते, जेवलीस का विचारते, आणि ठेवते. मी वाट बघते. दुसरं काय करणार.

गेल्या सोमवारी अंकुश आला. जार घेऊन नव्हे. कामावर परत घेण्यासाठी त्याला त्या मेलची प्रमाणित प्रत लागत होती, आणि ती माझ्याच कक्षातून मिळते. इस्त्रीचा शर्ट घातला होता. दारातच उभा राहिला.

"ये, बस," मी म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. तरणाताठा होता तेव्हा, आता कानशिलं पांढरी झाली होती. "पोरगी कशीय?"

"बरीय, मॅडम. आठवीत गेली."

मी प्रत काढून दिली. त्याने ती उभ्यानेच वाचली. एकदा वाचली, मग पुन्हा वरपासून.

"माझं नाव नाही यात," तो म्हणाला. "साहेबांनी मला म्हणलं होतं, अंकुश, तू जा, पोरीकडं बघ, मी लिहून ठेवतो. पाच वर्षं मला हेच खात होतं मॅडम. लिहिलं का नाही म्हणून. कोर्टात सुटलो, पण साहेबांनी माझं नाव घेतलंच नाही का, हे काही मनातनं जात नाही."

खोडलेल्याची वाच्यता केली तर माझी नोकरी जाते, पेन्शन जाते. नव्या मुलांना मी हे दरवर्षी शिकवते.

"घेतलं होतं," मी म्हटलं. "तुझं नाव, पोरीचा ताप, घरी पाठवलं ते, सगळं लिहिलं होतं त्याने. मग खोडलं. बिनअर्जाचा गेलास म्हणून तुला नोटीस लागू नये, म्हणून खोडलं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. बाहेर कुठे बोलू नकोस."

तो खुर्चीवर बसला आणि तोंडावर हात धरून रडायला लागला. मी त्याला पाणी दिलं. आता जार दुसरा कुणीतरी आणतो. बऱ्याच वेळाने त्याने डोळे पुसले, प्रत घडी न करता छातीशी धरली आणि जायला उठला. दारात थांबला.

"मॅडम, आणि तुमच्यासाठी? तुमच्यासाठी काही लिहिलं होतं का साहेबांनी त्यात?"

मी शिक्क्याची डबी बंद केली.

"नाही रे," मी म्हटलं. "ऑफिसचा मेल होता तो."